जाळे नसलेला कोळी

मराठीत 'कोळी' हा शब्द दोघांना मिळून आहे. एक समुद्रात जाळे टाकतो, दुसरा माळ्याच्या कोपऱ्यात जाळे विणतो. दोघांचेही पोट जाळ्यावर, तेव्हा नाव एक असण्यात आपल्याला कधी वावगे वाटले नाही. दिवाळीच्या आधी घरातली जळमटे काढताना या दुसऱ्या कोळ्याचा संसार आपण केरसुणीच्या एका फटक्यात मोडतो आणि चार दिवसांनी तो पुन्हा उभा राहिलेला पाहतो. कोळी म्हटला की जाळे, आणि जाळ्यात डोके खाली करून बसलेला तो आठपायी साधू, हेच चित्र डोळ्यांपुढे येते.

पण कोळ्यांच्या गोतावळ्यात एक मोठे घराणे असे आहे, की त्याने शिकारीसाठी जाळे विणणेच सोडून दिले. हे कोळी जमिनीवर राहतात, पायी हिंडतात, भक्ष्य दिसले की धावत जाऊन त्याच्यावर झडप घालतात. इंग्रजीत त्यांना 'वुल्फ स्पायडर' म्हणतात. त्यांच्या कुळाचे शास्त्रीय नाव 'लायकोसिडी', आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या लांडग्यात आहे. आपण त्यांना लांडगा कोळी म्हणू. नाव थोडे फसवे आहे. लांडगे कळप करून शिकार करतात. हा मात्र जन्माचा एकांडा. दोन लांडगा कोळी समोरासमोर आले, तर त्यातला मोठा धाकट्याला खाण्याचीच शक्यता जास्त.

हे कोळी पाहायला जंगलात जावे लागत नाही. पावसाळ्यात किंवा पाऊस सरल्यावर रात्री विजेरी घेऊन एखाद्या गवताळ मैदानावर, शेताच्या बांधावर, नाही तर शाळेच्या क्रीडांगणावर जावे. विजेरी हातात लोंबती न ठेवता कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरावी आणि गवतावरून हळूहळू प्रकाश फिरवावा. गवतात हिरवट-रुपेरी ठिणग्या दिसू लागतात. प्रथम वाटते, दंव पडले आहे. जवळ गेल्यावर एखादी ठिणगी चालू लागते. ते लांडगा कोळ्याचे डोळे असतात. मांजराच्या डोळ्यांत मागे जसा आरसा असतो, तसाच तो यांच्या डोळ्यांतही असतो आणि आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतो. म्हणूनच विजेरी डोळ्यांपाशी धरायची.

त्याला डोळे आठ, तीन ओळींत मांडलेले. खालच्या ओळीत चार बारीक, त्यावर दोन टपोरे, आणि त्यांच्यामागे डोक्यावर दोन मध्यम. समोरचे, बाजूचे आणि बरेचसे मागचेही त्याला दिसते. शिवाय पायांवर इतके नाजूक केस असतात, की जवळून गेलेल्या किड्याच्या पंखांनी हललेली हवाही त्याला जाणवते. जाळे विणणाऱ्याला जे काम त्याचे धागे करून देतात, ते याला स्वतःच्या डोळ्यांनी आणि केसांनी करावे लागते.

जगात या कुळाच्या चोवीसशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या माळापासून वाळवंटापर्यंत सगळीकडे ते आहेत. भारतातल्या लांडगा कोळ्यांची पद्धतशीर नोंद बी. के. टिकादर आणि एम. एस. मल्होत्रा या दोघांनी १९८० साली 'फौना ऑफ इंडिया' या सरकारी ग्रंथमालेत केली. त्या नोंदीत एका जातीला पुण्याचे नाव आहे, 'लायकोसा पूनाएन्सिस', आणि एकीला महाबळेश्वरचे. महाबळेश्वरला जाणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की स्ट्रॉबेरीखेरीज एका कोळ्यानेही त्या गावाचे नाव जगात नेले आहे?

या घराण्यातही एक शाखा जाळ्याला चिकटून राहिली आहे. हिवाळ्याच्या सकाळी गवतावर दंवाने भिजलेली, चादरीसारखी पसरलेली जाळी दिसतात आणि त्यांच्या एका कडेला बोगदा असतो. त्यातली पुष्कळशी 'हिपासा' नावाच्या कोळ्याची असतात. तो लांडगा कोळ्यांचाच भाऊबंद. घरचा धंदा मोडल्यावरही एखाद्या भावाने वडिलोपार्जित माग चालू ठेवावा, तसे हे.

लांडगा कोळ्याच्या मादीची माहिती प्रथम वाचली, तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो. अंडी घातल्यावर ती त्यांच्याभोवती रेशमाची गोल पिशवी शिवते आणि ती पिशवी स्वतःच्या पोटाच्या टोकाला बांधते. मग जिथे जाईल तिथे ते गाठोडे तिच्याबरोबर. शिकार करतानाही ते सुटत नाही. पिल्ले तयार झाली, की तीच पिशवीची शिवण उसवते आणि एकेक करून सगळी पिल्ले तिच्या पाठीवर चढतात. पाठीवर खास केस असतात, त्यांना धरून ती थरावर थर बसतात. जातीनुसार काही दिवस ते काही आठवडे हे बिऱ्हाड पाठीवर असते. या काळात पिल्ले खात नाहीत, अंड्यातून आणलेल्या शिदोरीवर जगतात. एखादे खाली पडलेच, तर आईच्या पायावरून पुन्हा वर चढते.

फ्रेंच निसर्गनिरीक्षक जाँ आन्री फाब्र (१८२३-१९१५) याने आपल्या सेरिन्याँ गावच्या माळरानावर या मादीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. एकदा त्याने तिची पिशवी काढून घेतली आणि तेवढ्याच आकाराची बुचाच्या लाकडाची गोळी तिच्यापुढे टाकली. तिने ती गोळी मिठीत घेतली, पोटाशी बांधली आणि चालू लागली. जी मादी आपल्या पिशवीसाठी चिमट्याशीही झुंजते, तिला पिशवी आणि बूच यांतला फरक कळत नाही. दुसऱ्या मादीची पिल्ले पाठीवर चढली, तरी ती चढू देते. हे मातृत्व म्हणायचे की यंत्र, यावर वाद घालता येईल. मला वाटते, त्या पिल्लांना या वादाशी काही कर्तव्य नाही. त्यांना पाठ मिळाली, एवढे पुरे.

असा हा शिकारी. पण निसर्गात शिकाऱ्यालाही कोणाचे तरी अन्न व्हावेच लागते. पक्षी, पाली, सरडे, बेडूक आणि विंचू त्याला खातात, हे तर ओघानेच आले. त्याचे खरे भयंकर शत्रू आकाराने त्याच्याएवढे किंवा त्याहून लहान आहेत. ते त्याला एकदम मारत नाहीत. त्याला यजमान करतात आणि त्याच्या घरी पाहुणे म्हणून उतरतात.

आपल्या संतसाहित्यात भ्रमर-कीटकाचा दृष्टांत वारंवार येतो. भुंगी एका किड्याला आणून मातीच्या घरात कोंडते, तो किडा भीतीने तिचाच ध्यास घेतो आणि ध्यास घेता घेता स्वतःच भुंगी होऊन बाहेर पडतो. ध्यान करणाऱ्याने ध्येयरूप व्हावे, हा त्याचा अर्थ. अर्थ मोठा आहे आणि निरीक्षणही निम्मे खरे आहे. आपल्या खिडकीच्या चौकटीवर, पंख्याच्या दांड्याशी मातीची घरे बांधणारी कुंभारीण माशी कोळ्यांना नांगी मारून लुळे करते, जिवंतच घरात भरते, एक अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेली अळी ते ताजे अन्न खाऊन वाढते. आत किडा गेला आणि बाहेर माशी आली, हे पाहणाऱ्याने बरोबर पाहिले होते. मधल्या दिवसांत आत काय झाले, तेवढे भिंतीआड राहिले.

लांडगा कोळ्याच्या वाट्याला या माशीच्या दूरच्या नात्यातल्या, जमिनीवर शिकार शोधणाऱ्या माश्या येतात. लांब पायांच्या, काळ्या-निळ्या, कधी नारिंगी पंखांच्या या माश्या पंख फडफडवत जमिनीवरून लगबगीने फिरताना दिसतात. एका पिल्लामागे एक कोळी, असा त्यांचा हिशेब. नांगी बसली की कोळी मरत नाही, पण हलूही शकत नाही. मग स्वतःपेक्षा वजनदार कोळ्याला ती उलट्या पावलांनी ओढत बिळात नेते. त्याच्या अंगावर एक अंडे घालते आणि बीळ बुजवते.

दुसरा पाहुणा त्याहून धूर्त. पुढून प्रार्थनाकीटकासारखा, मागून जाळीदार पंखांचा असा एक कीटक आहे. त्याची अळी कोळ्याची अंडी खाऊन वाढते. अमेरिकेतल्या एका जातीची अळी लांडगा कोळ्याच्याच वाटेवर वाट पाहत बसते आणि तो जवळ आला की त्याच्या अंगावर चढते. मादी पिशवी शिवू लागली, की शिवण पुरी होण्याआधी ती आत शिरते. त्यानंतर आई पोटाशी जे गाठोडे जपून वागवते, त्यात तिच्या पिल्लांचा वैरी वाढत असतो. याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीत तर असेही आढळले आहे, की अळी चुकून नर कोळ्यावर चढली असेल, तर मीलनाच्या वेळी ती मादीवर उतरून घेते.

तिसरी एक पोक काढलेली, टाचणीच्या टोकाएवढ्या डोक्याची माशी. तिची अळी कोळ्याच्या पायावरून चढून शरीरात शिरते, त्याच्या फुप्फुसापाशी मुक्काम करते आणि सवडीने त्याला आतून पोखरते. चौथा पाहुणा म्हणजे दोऱ्यासारखा कृमी. तो बाहेर पडतो, तेव्हा कोळ्याच्या अंगाच्या कित्येक पट लांब असतो. हा एवढा ऐवज त्या पोटात मावला कसा, याचे नवल वाटते. याखेरीज अंड्यातच अंडे घालणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माश्या आहेतच.

हे वाचून कोणाच्या अंगावर शहारा येईल. पण या साऱ्या शत्रूंची एक रीत आहे. ते एकेकट्या कोळ्याला गाठतात. शंभरातले काही नेतात, बाकीचे राहतात. कोळी फार वाढले तर पाहुणे वाढतात, कोळी कमी झाले तर पाहुण्यांचीही उपासमार होते. हा देण्याघेण्याचा व्यवहार कोट्यवधी वर्षे चालू आहे आणि दोन्ही पक्ष अजून बुडालेले नाहीत. सगळ्यांना एकदम नेणारा शत्रू त्यांना फार अलीकडे भेटला. त्याची गाठ भाताच्या खाचरात पडली.

माझी नोकरी बँकेतली. काही वर्षे रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत शेतीकर्जाचे काम माझ्याकडे होते. पीककर्जाचे तेव्हा दोन भाग असत, एक रोख आणि दुसरा वस्तुरूप. वस्तुरूप भागात खते आणि औषधे. शेतकरी कीटकनाशकाला विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतो. एकरी किती रुपयांचे औषध, याचा रकाना आमच्या तक्त्यात छापलेला असे. एकदा भाताची पाहणी करताना एका वयस्क शेतकऱ्याने मला बांधावर उकिडवे बसवले, दोन चुडांमधले पाणी दाखवले आणि म्हणाला, "साहेब, औषध मारलं की आधी हा मरतो. तुडतुडा पंधरा दिवसांत परत येतो, हा येत नाही." पाण्यावरून एक करडा कोळी तुरुतुरु पळत गेला. त्याच्या पाठीवर दुबेळक्यासारखी खूण होती.

त्या शेतकऱ्याचे ते एक वाक्य आशियातल्या निम्म्या भातशेतीचा इतिहास सांगत होते, हे मला पुढे वाचनातून उमगले. तपकिरी तुडतुडा हा भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषणारा, तांदळाच्या दाण्याहून लहान कीटक. तो माजला, की हिरव्यागार शेतात करपल्यासारखे गोल पट्टे पडतात आणि ते पसरत जातात. पूर्वी तो फारसा त्रासदायक नव्हता. १९६६ नंतर भाताच्या नव्या बुटक्या जाती आल्या, खते आली, त्यांच्यामागून फवारणी आली आणि सत्तरीच्या दशकात आशियाभर तुडतुड्यांचे लोंढे उठले. १९७३-७४ मध्ये केरळच्या भातशेतीला त्यांनी झोडपले, १९७६-७७ मध्ये इंडोनेशियाला. जितकी फवारणी अधिक, तितके तुडतुडे अधिक, असा उलटाच प्रकार ठिकठिकाणी दिसू लागला.

फिलिपीन्समध्ये पीटर केनमोर या संशोधकाने खाचरात बसून कीटकांची आणि कोळ्यांची मोजदाद केली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा कोडे उलगडले. तुडतुड्याची मादी आपली अंडी भाताच्या खोडाच्या आवरणात खुपसून ठेवते. फवारणीने वरचे तुडतुडे मरतात, आतली अंडी वाचतात. उघड्यावर हिंडणारा लांडगा कोळी मात्र सापडतो. मग अंडी उबतात आणि पिल्ले बाहेर येतात ती राखणदार नसलेल्या घरात. तुडतुड्याची पिढी महिन्याच्या आत पुरी होते, कोळ्याची व्हायला महिने लागतात. शर्यत अशी आधीच हरलेली असते.

भातातल्या या कोळ्याचे शास्त्रीय नाव 'पार्डोसा स्यूडोअॅन्युलाटा'. चिखलणी झाल्याबरोबर तो बांधावरून शेतात उतरतो. मादी तीन-चार महिन्यांच्या आयुष्यात दोनशे ते चारशे अंडी घालते आणि साठ-ऐंशी पिल्ले पाठीवर वागवते. एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा किडे फस्त करतो. त्यात तुडतुडे असतात आणि खोडकिडीचे पतंगही. त्याच्या मजुरीचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता, कारण तो बिल पाठवत नाही.

इंडोनेशियाने या बिनपगारी नोकराची दखल सर्वांत आधी आणि ठामपणे घेतली. तिथले सरकार कीटकनाशकांच्या किमतीचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भार स्वतः उचलत होते. तरीही १९८६ मध्ये जावा बेटावर तुडतुड्यांनी पुन्हा थैमान घातले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी आदेश काढून भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पर्यंत अनुदानही थांबवले. त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी सकाळी खाचरात उतरत, किडे आणि कोळी मोजत आणि मोठ्या कागदावर त्यांची चित्रे काढून फवारायचे की नाही, हे आपसांत ठरवत. भाताचे उत्पादन घटले नाही. फवारा थांबला आणि कोळी परतले.

एक प्रश्न उरतो. लावणीनंतर पहिले काही आठवडे शेतात तुडतुडे नसतातच. तेव्हा हा कोळी खातो काय? याचे उत्तर जावातल्याच एका अभ्यासाने १९९६ मध्ये दिले. खाचरातल्या शेणखतावर, कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या शेवाळावर चिलटे आणि बारीक किडे वाढतात. ते पिकाला अपाय करत नाहीत. कोळी आधी त्यांच्यावर पोसतो, त्याची संख्या वाढते आणि तुडतुडे येतात तेव्हा राखणदार आधीच हजर असतो. संशोधकांनी सेंद्रिय खत वाढवले, तेव्हा चिलटे वाढली आणि त्यांच्यामागून शिकारीही वाढले. आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेणखत टाकत आला, ते पिकासाठी. त्यातून चिलटांचे, चिलटांतून कोळ्याचे आणि कोळ्यातून पुन्हा पिकाचे भले होत होते. सुरुवातीलाच केलेली एक 'खबरदारीची' फवारणी ही साखळी पहिल्याच कडीत तोडते.

जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज २०१७ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडला. माणसे वर्षाला जेवढे मांस आणि मासे खातात, त्याच्याशी त्यांनी या आकड्याची तुलना केली होती. त्याच वर्षीच्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. कापसाची कीड वेगळी, शेत वेगळे, हे खरे. पण 'औषध' हा शब्द तोच आहे, आणि मरणाऱ्यांच्या यादीत पहिला कोळी असला, तरी यादी त्याच्यापाशी थांबत नाही.

फवारणी कधीच करू नये, असे कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. प्रश्न मोजण्याचा आहे, आणि मोजण्याच्या पद्धती आता आहेत. तामिळनाडूच्या कृषी विद्यापीठाची भातासाठीची शिफारस मला फार आवडते. तुडतुडे दर फुटव्याला एक झाले, की उपाय करावा. मात्र दर चुडात एक कोळी असेल, तर दर फुटव्याला दोन तुडतुडे होईपर्यंत थांबावे. एवढेच दोन ओळींचे गणित. पण त्यात कोळ्याला हिशेबात जागा मिळाली. तो असला की शेतकऱ्याची पत दुप्पट होते आणि वस्तुरूप कर्जातले औषधाचे पैसे वाचण्याची शक्यता निर्माण होते. कोणत्याही बँकेने एवढे स्वस्त तारण पाहिले नसेल.

येत्या सुगीच्या आधी ज्यांना गावी जायला जमेल, त्यांनी रात्री मुलांना घेऊन बांधावर जरूर जावे. विजेरी कपाळाशी धरावी आणि ठिणग्या मोजाव्यात. एखादी मोठी ठिणगी दिसली आणि तिच्या मागे बारीक ठिणग्यांचा पुंजका हलताना दिसला, तर ती पिल्ले पाठीवर घेतलेली आई समजावी. मुलांना तिचे नाव सांगावे आणि वाटेतून थोडे बाजूला होऊन तिला जाऊ द्यावे.